नावे मी ठेवेन, तू ठेवू नकोस

प्रश्न : ताई, मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्या गावात शिकते ते इतके लहान आहे की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला अर्धा तास पुरतो. मोठ्या शहरात प्रवेश मिळण्याइतके गुण होते, पण खर्चाचा विचार करून घरच्यांनी इथे घातले. दीड वर्ष झाले, तरी हे ठिकाण मला आवडते की नाही हे सांगता येत नाही. वर्गात आम्ही अकरा जण आहोत आणि मी पहिली येते, पण अकरा जणांत पहिली येण्याला काय अर्थ आहे? मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतले मामा वेळ संपल्यावरही माझ्यासाठी दीड तास थांबले आणि सोडियमच्या प्रकाशातल्या दोन पिवळ्या रेषा सुट्या झालेल्या मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आल्या. त्या दिवशी वाटले की याहून चांगले महाविद्यालय नसेल. त्याच आठवड्यात वाचनालयात एका मुलाशेजारी बसून मी टिपणे उतरवली, तर संध्याकाळपर्यंत वसतिगृहातल्या चार जणींनी मला त्यावरून छेडले. तेव्हा वाटले, बॅग भरावी आणि निघावे. शुक्रवारी वसतिगृह रिकामे होते. परवा शनिवारी रात्री समोरच्या इमारतीतल्या उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या, नऊ भरल्या. शहरात शिकणाऱ्या मैत्रिणीशी बोलताना मी स्वतःच या गावाची टिंगल करते, पण गेल्या आठवड्यात ती त्याला ‘डबके’ म्हणाली आणि मी दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. यातले माझे खरे मत कोणते? आणि तिसऱ्या वर्षासाठी शहरात बदली घ्यावी का?
– ना धड इकडची, ना तिकडची

उत्तर : पत्रात तू मला ‘ताई’ म्हटले आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या दोन प्रश्नांपैकी बदलीचा प्रश्न तुला अधिक निकडीचा वाटत असणार, कारण त्याला मुदत आहे. पण पहिल्याचा निकाल लागल्याखेरीज दुसऱ्याचे उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे होईल. तेव्हा आधी त्या दोन दिवस न उचललेल्या फोनकडे वळते.

घरातली खुर्ची डुगडुगते असे आपण शंभर वेळा म्हणतो, पण पाहुण्याने तिच्यावर बसून तेच म्हटले की आपल्याला झोंबते. जी जागा आपली झालेली नसते तिच्याविषयी कोणी काहीही बोलले तरी आपल्या अंगाला ते लागत नाही. ‘डबके’ या शब्दाने तू दुखावलीस, त्या अर्थी दीड वर्षात, तुझ्या नकळत, ते गाव तुझे झाले आहे. मात्र मैत्रिणीची बाजूही लक्षात घे. तिने ते गाव पाहिलेले नाही. तिच्याजवळ आहे ती फक्त तू फोनवरून पुरवलेली टिंगल, आणि तेवढ्या सामग्रीवरून तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. सोडियमच्या रेषांची हकीकत तू मला लिहिलीस, पण तिला सांगितली नसावीस असा माझा तर्क आहे. शहरातल्या मैत्रिणीसमोर आपल्या लहानशा महाविद्यालयाचे कौतुक करताना संकोच वाटतो. ‘ही किती थोडक्यात समाधान मानते’ असे तिच्या मनात येईल की काय, याची धास्ती असते. त्या मानाने टिंगल सोयीची असते, कारण ‘मी इथली नाही, इथे नुसती अडकले आहे’ हे तिच्यातून परस्पर सुचवता येते.

म्हणून खरे मत कोणते, तर दोन्ही. अशा मनःस्थितीला ‘संमिश्र भावना’ म्हणण्याची पद्धत आहे, पण मला तो शब्द फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याने पाणी घातलेल्या रंगासारखे काहीतरी फिकट डोळ्यांसमोर येते आणि तुझ्या पत्रातल्या दोन्ही भावना तर चांगल्याच गडद आहेत. तुझ्याच प्रयोगाची भाषा वापरते. साध्या प्रिझममधून पाहिले तर सोडियमची पिवळी रेषा बहुधा एकच दिसते. ग्रेटिंग म्हणजे बारीक समांतर रेषांची पट्टी लावून, स्लिट म्हणजे प्रकाश आत येण्याची फट अरुंद करून, उपकरणाची दुर्बीण दुसऱ्या ऑर्डरपर्यंत, म्हणजे रंग अधिक पसरतात तिथपर्यंत, फिरवली की ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा सुट्या होतात. सुट्या झाल्या म्हणून त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी ठरत नाही, आणि दोन्ही येतात त्या एकाच मूलद्रव्यातून. तुझ्या बाबतीत ते मूलद्रव्य म्हणजे ओळखले जाणे. मामा दीड तास थांबले, कारण तू कोण आहेस आणि कशासाठी धडपडते आहेस हे त्यांना ठाऊक होते. वाचनालयातल्या बसण्याची बातमी झाली, कारण तू कोण आहेस हे बाकी सगळ्यांनाही ठाऊक होते. जिथे तुझे नाव कोणालाच माहीत नसेल तिथे बातमी होणार नाही हे खरे, पण तिथे प्रयोगशाळेचे दारही वेळेवर बंद होईल.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. मीही अशाच एका महाविद्यालयात शिकले. एका सत्र परीक्षेत मी नापास झाले, तेव्हा ती बातमी मी सूचनाफलकापाशी पोहोचण्याआधी वसतिगृहात पोहोचली होती. जिन्यावर भेटलेल्या मुलींचे चेहरे पाहूनच मला निकाल कळला. राग इतका आला की त्या रात्री मी जेवायला खाली गेले नाही. नंतर समजले की जिने बातमी पसरवली होती तिनेच फेरपरीक्षेसाठी मला लागतील म्हणून स्वतःच्या टिपणांची प्रत काढून माझ्या खोलीच्या दाराखालून सरकवून ठेवली होती. तिला माफ करावे की नाही हे मला अनेक वर्षे ठरवता आले नाही. टिपणे मात्र मी वापरली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगरातल्या मनोवृत्तीवर एक निबंध लिहिला. लहान वर्तुळ माणसावर बारीक पहारा ठेवते आणि मोठे शहर त्याला मोकळीक देते, हे त्यांनी त्यात मांडले. पण महानगराच्या गर्दीत माणसाला जितके एकटे वाटते तितके इतरत्र क्वचितच वाटत असेल, हेही त्याच निबंधात लिहून ठेवले. बदली घेणारे विद्यार्थी यातले पहिले वाक्य ऐकून निघतात आणि दुसरे त्यांना तिथे गेल्यावर भेटते. तू निघूच नयेस असे मी म्हणत नाही. दोन्ही वाक्ये ऐकून नीघ, एवढेच.

आता तक्रारी एकेक करून पाहू, कारण तू त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस आणि त्यामुळे गावावर सगळाच बोजा पडला आहे.

शनिवारच्या रात्रीचा प्रश्न गावाच्या लहानपणाचा कमी आणि अंतराचा अधिक आहे. बाकीच्या मुलींची घरे जवळ, त्या शुक्रवारी जातात आणि रविवारी येतात. तुझे घर लांब, म्हणून तू राहतेस. अशा महाविद्यालयांत दर आठवड्याला दोन दिवस सगळे जग बंद झाल्यासारखे वाटते, आणि माझ्या अनुभवात ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा याच दोन दिवसांत मनात येते. तू खिडक्या मोजल्यास, हे वाचताना मी थबकले. पण त्या नऊ खिडक्यांमागे कोण आहे हे तुला ठाऊक आहे का? जिथे सगळ्यांना सगळ्यांची बित्तंबातमी असते, तिथे शनिवारी मागे राहणाऱ्या मुलींना एकमेकींचा पत्ता नसावा, ही मला या पत्रातली सर्वांत विचित्र गोष्ट वाटते. त्या मुलींची घरेही लांबच असणार. येत्या शुक्रवारी त्यांतली दोन दारे वाजव. वाचनालय किंवा वसतिगृहाची अभ्यासिका शनिवारी रात्री उघडी ठेवण्याची मागणी त्या नऊ-दहा जणींच्या सह्यांनिशी वसतिगृहप्रमुखांकडे दे. मोठ्या संस्थेत असा कागद समितीकडून समितीकडे फिरत राहिला असता, तुमच्याकडे प्राचार्य जाता-येता वाटेत भेटतात. लहान ठिकाणच्या गैरसोयी तू भोगतेच आहेस, तर ही सोयही वापर.

कुजबुजीबद्दल मात्र मी गावाची बाजू घेणार नाही. लोक एकमेकांना ओळखतात म्हणून बातम्या पसरतात, हे कारण झाले. त्याने ते समर्थनीय ठरत नाही. शिवाय त्या मुलाला त्याच्या वसतिगृहात कोणी छेडले असेल का, आणि छेडले असेल तर कोणत्या सुरात, याचा विचार केलास तर हा भार मुलींच्याच वाट्याला अधिक येतो हे दिसेल. चौघींना चार वेळा खुलासा देऊ नकोस. खुलाशाने बातमीला दुसरा अंक मिळतो. ‘टिपणे उतरवत होते’ एवढे एकदा सांग आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर जाऊन बस. तू जागा बदललीस तर त्याचीच बातमी होईल, आणि नाही बदललीस तर पंधरवड्यात लोकांना दुसरा विषय मिळेल. छेडण्याचे रूप बदलले, कोणी पाठलाग केला, संदेश पाठवून धमकावले किंवा घरी कळवण्याची भीती घातली, तर प्रकरण कुजबुजीचे राहत नाही. अशा वेळी तारीख-वेळ लिहून ठेवून, विश्वासातल्या शिक्षकाला बरोबर घेऊन, लेखी तक्रार करायची असते.

अकरा जणांत पहिली येण्याचा मुद्दा तू एका ओळीत उरकलास, पण मला वाटते, पत्राचा खरा भार त्याच ओळीवर आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी तर आपली गत नाही ना, ही ती भीती. ती रास्त आहे, आणि ‘तू हुशारच आहेस’ असे सांगून मी ती घालवू शकत नाही, कारण ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि खरा सल तोच आहे. मापायला पट्टीच नसली की माणूस एक दिवस स्वतःला फार मोठा समजतो आणि दुसऱ्या दिवशी कवडीमोल. पट्टी बाहेरून आणावी लागेल. ज्या विद्यापीठांत तुला पुढे जावेसे वाटते त्यांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचे जुने पेपर मिळव आणि घड्याळ लावून सोडव. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली; भौतिकशास्त्राची व्याख्याने, गृहपाठाच्या प्रश्नावल्या आणि परीक्षांचे पेपर तिथे मिळतात. महिनाभर एका विषयाच्या प्रश्नावल्या सोडवल्यास की तू कुठे उभी आहेस हे तुला कळेल, आणि ते वाईट निघाले तरी आजच्या धूसरपणापेक्षा बरे. सुटीतल्या संशोधन-शिबिरांना आणि प्रशिक्षणांना अर्ज करणे ही याहून चांगली पट्टी, कारण तिथे इतर ठिकाणची मुले प्रत्यक्ष भेटतात.

गाव लहान म्हणून विद्याही लहान, असे काही नसते. जर्मनीतले गटिंगेन हे लहानसे विद्यापीठनगर. गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्ट तिथे १८९५ मध्ये आले, गणितज्ञ एमी नोएथर १९१५ मध्ये, आणि १९२५ मध्ये पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) पायाभरणी झाली ती भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांच्याभोवती तिथे जमलेल्या तरुणांकडून. पण तुझ्या महाविद्यालयाला मी गटिंगेन म्हटले तर तूच हसशील, आणि हसायलाच हवे. तिथे जगभरातून माणसे येत होती. गाव लहान असून भागते, येणे-जाणे बंद असून भागत नाही. आणि तुझ्याकडे उणीव आहे ती या येण्या-जाण्याची.

इथूनच बदलीच्या प्रश्नाकडे जाता येते. २००२ मध्ये स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी अभ्यासकांनी १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या मिळकतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सारख्याच तोडीच्या महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केला होता, पण ज्यांतले काही अधिक नावाजलेल्या ठिकाणी गेले आणि काही कमी नावाजलेल्या, अशांची तुलना त्यांनी केली, तेव्हा सरासरी मिळकतीत फारसा फरक आढळला नाही. तुला तेव्हा शहरात प्रवेश मिळत होता, हे लक्षात घेता ही तुझ्यासाठी धीराची गोष्ट आहे. पण याच अभ्यासात एक अपवाद होता आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना नावाजलेल्या महाविद्यालयाचा लाभ झालेला दिसला. तुझ्या घरच्यांनी खर्चामुळे तुला इथे घातले, तेव्हा हा अपवाद तुला लागू पडू शकतो. यामागे ओळखींचे कारण असावे असा माझा कयास आहे: ज्यांच्या घरी आधीच ओळखीपाळखी असतात त्यांना महाविद्यालयाने त्या पुरवण्याची गरज नसते, आणि ज्यांच्या घरी नसतात त्यांना त्या महाविद्यालयातूनच मिळवाव्या लागतात.

आणि उपयोगी ओळखी घट्टच असाव्या लागतात असे नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना विचारले की ज्याने ही बातमी दिली तो माणूस तुम्हाला तेव्हा कितपत भेटत असे. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा, असे सांगणारे १६.७ टक्के होते. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणारा म्हणणारे २७.८ टक्के. हा शोधनिबंध १९७३ चा आहे आणि नमुना लहान, तरी त्यातले कारण पटण्यासारखे आहे: आपल्या रोजच्या माणसांना तेच माहीत असते जे आपल्यालाही माहीत असते. तुझ्या गावात सगळ्या ओळखी रोजच्याच; तीच बातमी फिरून फिरून तिथेच येते, मग ती वाचनालयातली असो वा नोकरीची. म्हणून विभागातून गेल्या पाच-सात वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी विभागप्रमुखांकडून माग. लहान विभागात ती त्यांना तोंडपाठ असते. त्यांपैकी पाच जणांना पत्रे लिही, आणि त्यात ‘मार्गदर्शन करावे’ असले मोघम काही न लिहिता एकेक नेमका प्रश्न विचार: प्रवेशपरीक्षेसाठी कोणता विषय कच्चा राहिला होता, पहिल्या सत्रात कुठे अडचण आली. नेमक्या प्रश्नाला लोक उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

माझे मत विचारशील तर तिसऱ्या वर्षासाठी बदली घेऊ नकोस. शहरात जायचेच आहे तर पदव्युत्तर शिक्षणासाठी जा. शेवटच्या वर्षाला बदली घेतली की श्रेयांक जुळवणे, सुटलेले विषय भरून काढणे आणि राहण्याची सोय शोधणे यात पहिले सत्र निघून जाते, आणि शिफारसपत्राची वेळ येते तेव्हा नव्या ठिकाणच्या प्राध्यापकांना तुझे नाव नीटसे आठवत नसते. गॅलप या जनमत-पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३०,००० हून अधिक पदवीधरांची पाहणी केली. शिकण्याची गोडी लावणारा एक तरी शिक्षक भेटला, शिक्षकांनी माणूस म्हणून आपली आस्था बाळगली आणि आपल्या स्वप्नांना बळ देणारा मार्गदर्शक मिळाला, या तिन्ही गोष्टी ठामपणे सांगू शकणारे त्यांत जेमतेम १४ टक्के निघाले. आणि पुढे कामात मन लागण्याशी या गोष्टींचा संबंध जितका होता तितका महाविद्यालयाच्या प्रकाराचा नव्हता. तुझ्यासाठी दीड तास थांबणारे मामा आहेत. तसे शिक्षक आहेत का, हे तुझ्या पत्रात नाही, आणि मला ते जाणून घ्यायला आवडेल, कारण नसतील तर माझे मत थोडे डळमळेल.

ते पूर्ण बदलेल अशाही गोष्टी आहेत. तुला ज्या विषयात पुढे जायचे आहे तो तिसऱ्या वर्षाला तिथे शिकवलाच जात नसेल, किंवा नावाला असून शिकवायला कोणी नसेल, तर अर्ज कर. छेडण्याचे प्रकरण तक्रार करूनही थांबले नाही, तर कर. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, शनिवारचे सावट सोमवारीही उतरत नसेल, तर अर्जाआधी समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेट. यांपैकी काही नसेल आणि केवळ ‘इथे मी किती दिवस काढायचे’ हा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर दीड वर्ष इतके सरळ आहे.

अर्जाची शेवटची तारीख पत्रात नाही. ती आधी पाहून घे, आणि तिच्या आत येणारे दोन शनिवार, ती दोन दारे वाजवून, वसतिगृहातच काढ. मग ठरव. मैत्रिणीला सोडियमची हकीकत सांगायला मात्र तारखेची वाट पाहू नकोस.